बॅटरी धर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेदहाला मी सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत आडवी होते. पाठीखाली सतरंजीची घडी, केसांत खोचलेली पेन्सिल, नाकासमोर सिंकचा बॉटल ट्रॅप. बाहेर उरलेल्या माझ्या पायांशी आई बोलत होती. "एवढ्याशा भोकासाठी कुणाला तरी बोलवायचं की गं."

बोलावलं होतं. आदल्या दिवशी आरओ बसवायला आलेल्या पोरानं कपाटात डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं आणि निकाल दिला, "ताई, हितं ड्रिल मशीन बसत न्हाई. नळ्या वरनं घेतो, क्लिपा मारतो. दिसायच्या न्हाईत कुणाला." दिसणार होत्या. तीन नळ्या आणि अडॅप्टरची वायर एका कपाटाच्या दारातून बाहेर येणार आणि शेजारच्या कपाटाच्या दारातून आत जाणार, म्हणजे दोन्ही दारं जन्मभर अर्धवट मिटलेली. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पण त्याचं खोटं नव्हतं. आमचा ओटा एल आकाराचा. सिंकचं कपाट आणि कोपऱ्यातलं कपाट यांच्यामध्ये १८ मिमी प्लायची उभी फळी आहे, आणि मिक्सरसाठी केलेला सॉकेट कोपऱ्यातल्या कपाटात आहे. फळीला दोन इंची गोल भोक पडलं की प्रश्न मिटला. पण साधं ड्रिल मशीनच वीतभरापेक्षा लांब, त्याला पुढं होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी वाटीसारखी करवत, लावला की ३५ सेंटिमीटरच्या पुढं जातं. फळी आणि ट्रॅप यांच्यामध्ये जागा २० सेंटिमीटर. कोपऱ्यातल्या कपाटाकडून यावं, तर तिथं खांद्यापर्यंत हात घातल्यावर बोटं कशीबशी फळीला लागतात. माणूस मावत नाही, मशीन कुठलं मावायला?

शिवाय जुनं दुखणं होतंच. २०१९च्या पुरानंतर नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा सुतारानं मागच्या प्लायला, भिंतीतून येणारं पाणी बंद करायच्या अँगल कॉकपुरतं भोक ठेवलं, पण कॉकची मूठ फिरवायला जागा ठेवली नाही. तेव्हापासून आम्ही तो कॉक पक्कडीनं बंद करतोय. कपाटात शिरलेच आहे तर हेही उरकावं, असं ठरवलं होतं. घरातली कामं अशीच वाढतात.

अप्पा वायरमन होते. सांगलीच्या गावभागात, खणभागात जी जुनी घरं होती त्यांतल्या कितीतरी घरांचे बोर्ड त्यांच्या हातचे. शाळेला सुटी असली की मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर. माझ्याकडं एकच काम होतं, बॅटरी धरायचं.

लहानपणी ज्यांनी कुणासाठी बॅटरी धरलीय त्यांना हे काम किती अवघड आहे ते माहीत असेल. उजेड आपोआप आपण बघतो तिकडं जातो. अप्पा माळ्याच्या तुळईपाशी डोकं घालून वायर ओढतायत आणि मी मात्र कोळ्याचं जाळं बघतेय, म्हणजे उजेडही जाळ्यावर. "बॅटरी धर की गं नीट. तुला दिसून काय उपयोग? मला दिसाय पाहिजे." मग मी उजेड नेमका त्यांच्या हातावर टाकायची, तरी बोलणी बसायचीच. कारण समोरून उजेड आला की सगळं सपाट दिसतं. पेन्सिलची रेघ, पंचानं पाडलेली खूण, भिंतीतली बारीक भेग, काही उठून दिसत नाही. उजेड बाजूनं, तिरका पडला पाहिजे. खुणेच्या खड्ड्यात सावली पडली की ती बोटाएवढी मोठी दिसते. हे त्यांनी मला समजावून वगैरे सांगितलं नाही. माझं मनगट धरून वळवलं, एवढंच.

त्यांच्याकडं सुरुवातीला मशीन नव्हतं. भिंतीत लाकडी गुट्टी ठोकायला पोलादी जंपर असायचा. हातोडीचा एक ठोका, जंपर थोडा फिरवायचा, परत ठोका. फिरवायला विसरलं की जंपर अडकून बसायचा आणि भोक चौकोनी का त्रिकोणी ते देवाला माहीत. मी तिसरीत असताना विजेचं ड्रिल आलं. जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ साली केलं होतं. अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर या जोडीनं १९१७ साली त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा चाप यांचं पेटंट घेतलं. आमच्या घरी ते यायला आणखी ६०-६५ वर्षं लागली. अप्पांनी पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या घातल्या. कारण कोपऱ्यात ते शिरत नव्हतं. मोटर, गिअर, चक आणि पुढं भोक पाडणारं बिट, सगळं एका ओळीत. पिस्तुलाचा घाट आला, पण लांबी काही कमी झाली नाही. जिथं खरी अडचण तिथं परत जंपरच.

(मशीन विकणाऱ्यांच्या जाहिरातीत भिंत नेहमी मोकळी असते हे तुम्ही बघितलंय का? स्वच्छ पांढरी भिंत, छातीच्या उंचीवर खूण, ड्रिल हातात घेऊन हसणारा माणूस. शिंक आली तर डोकं आपटेल अशा जागी कुणी हसताना दाखवत नाहीत.)

अप्पांचे नियम थोडे होते. बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली ड्रिल लावायचं नाही, कारण वायर बहुतेक तिथूनच सरळ चढलेली किंवा उतरलेली असते. नळाच्या वर-खालीही नाही. भोक पाडताना पलीकडं हात ठेवायचा नाही, "हात मागं घालू नगंस" हे तर दिवसातून दहा वेळा. आणि टाइलला हॅमर लावायचा नाही. नुसतं फिरवायचं, सावकाश, वर पाण्याचा थेंब थेंब सोडत. टाइलची चकाकी कापून झाली की निम्मं काम झालं.

पाचवा नियम कानाचा. विटेत बिट गेलं की आवाज ढब्ब, सिमेंटात कर्र, मध्येच काळा दगड लागला की मशीन किंचाळतं. लाकडात बिट पलीकडं निघायच्या आधी आवाज एकदम मोकळा होतो, मोटर हलकी होते. तो अर्धा सेकंद ज्याला ऐकू येतो त्याचं भोक दोन्हीकडून देखणं. ज्याला येत नाही त्याच्या पलीकडच्या बाजूचे पापुद्रे उचकटलेले.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या जुन्या घरात पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं, भिंतीवर त्याची रेघ अजून रंगाखालून दिसते. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं, फर्निचर फेकणं हे सगळ्या सांगलीनं केलं, त्यावर परत कशाला लिहू? मला सांगायचंय ते बोर्डांचं. तळमजल्याचे सगळे बोर्ड वर न्यायचं ठरलं आणि मीटरकडून येणारी वायर माजघराच्या भिंतीतून आरपार घ्यायची होती. भिंत दीड फुटी. बाहेरून विटा, पोटात माती आणि दगडाचे तुकडे.

अप्पांचे हात तोवर थरथरायला लागले होते. चहाची बशी किणकिणायची. त्यांनी रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं ड्रिल, उचलला, जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तू धर. मी बॅटरी धरतो."

लांब बिटसुद्धा एका दमात दीड फूट जात नाही, म्हणून दोन्ही खोल्यांतून अर्धं अर्धं जायचं आणि मध्ये गाठ घालायची. अशा वेळी जमिनीपासून माप घेतलं की फसलं. जुन्या घरांत दोन खोल्यांच्या जमिनी कधीच एका पातळीत नसतात, आमच्याकडं चार बोटांचा फरक आहे. दोन्हीकडून दिसणारी आणि न हलणारी एकच वस्तू असते, दाराची चौकट. तिच्या माथ्यावरून खाली आणि कडेपासून बाजूला मोजायचं. मी मोजलं. एका खोलीत चौकटीच्या आतल्या कडेपासून आणि दुसऱ्या खोलीत बाहेरच्या कडेपासून. चौकटीचं लाकूड चार इंची.

दुसऱ्या बाजूनं हॅमर लावला. सात-आठ इंच आत गेल्यावर गाठ पडायला हवी होती, पडेना. मी रेटत राहिले. अप्पा म्हणाले, "आवाज बघ." बघितला नाही. एकदम मशीन मोकळं झालं, पलीकडं काहीतरी धबकन पडलं आणि आईचा आवाज आला. भोक देवळीत निघालं होतं. भिंतीचा लगदा बाळकृष्णाच्या अंगावर, अन्नपूर्णा आडवी.

मला वाटलं आता बोलणी बसणार. अप्पांनी देवळीत बॅटरीचा उजेड टाकला, भोक बघितलं, चौकटीच्या चार इंचांचा हिशेब मनात केला असावा. मग म्हणाले, "बरं झालं. देवालापण लाइट पाहिजेच की." त्या भोकातून वायर घेऊन देवळीत झिरोचा बल्ब लावला, तो आजही आहे. दुसरं भोक पाडताना मी चौकट तीनदा मोजली. मापाच्या जागी उजेडाचा गोल सारखा थरथरत होता. मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही. तिरका मात्र पडला होता, बरोबर हवा तसा.

त्याच पुरात आईचा तंबोरा माळ्यावर होता म्हणून वाचला. पाणी लागलं नाही, पण महिनाभराची ओल लागली आणि एक खुंटी भोकात ठरेना. खडूची पूड लावून झाली, तरी तार सुटायचीच. मग मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तिथल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंबोरे-सतारींकडं वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथं येतात आणि वाद्यं होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात चाचा एकटेच होते. मांडीवर कुणाचीतरी सतार. सतारीच्या दांडीला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. प्रत्येक तार दांडीच्या तोंडावरच्या बारीक भोकातून पोकळ दांडीत उतरते आणि बाजूच्या भोकातून खुंटीला जाते. आत काहीही दिसत नाही. चाचांनी तारेचा एक आकडा खुंटीच्या भोकातून आत घातला होता, मान वर करून ते रस्त्यावरची रिक्षा बघत होते, आणि बोटं आत तार शोधत होती. सापडली. ओढून काढली. नजर अजून रिक्षावरच.

मी तोंड उघडं टाकून बघतेय हे त्यांना कळलं असावं. "बघून काय होतंय बेटी, आत डोळा जातोय का?"

आमच्या तंबोऱ्याचं भोक ओलीनं फुगून वाकडंतिकडं झालं होतं. खुंटी निमुळती, तेव्हा भोकही त्याच उताराचं निमुळतं हवं. सगळीकडून टेकली तरच खुंटी धरते. त्यांच्या भिंतीवर विजेचं ड्रिल लटकत होतं. विचारलं, तर म्हणाले नवीन दांडीला पहिलं भोक त्यानंच पाडतो, वेळ वाचतो. पण शेवटचा उतार हातानं. त्यांनी निमुळतं कोरणं भोकात घालून एक वेढा दिला, बाहेर काढलं, भुसा फुंकला, खुंटी घालून फिरवली, कान जवळ नेला. परत एक वेढा. सहा-सात वेळा. खुंटी भोकात करकरत होती तोवर त्यांना ते पटत नव्हतं. शेवटी फिरवल्यावर आवाजच आला नाही, तेव्हा त्यांनी तंबोरा आईच्या हातात दिला. मला अप्पांचं आठवलं. ते आवाज मोकळा होण्याची वाट बघायचे, हे आवाज जाण्याची बघत होते.

तर सिंकचं कपाट. आधी अँगल कॉक घेतला. त्याभोवती हातभर जागासुद्धा नाही, फिरणारं काहीही तिथं नेलं तर पहिल्यांदा माझा कान जाईल. यासाठी मल्टिटूल. त्याचं पातं फिरत नाही, थरथरतं. जेमतेम तीन अंशांत इकडून तिकडे, मिनिटाला वीस हजार वेळांपर्यंत. फिरत नाही म्हणून झटका देत नाही, आणि फळीच्या मधोमध सरळ खुपसता येतं. पण खाली सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाण्याचा पाइप, आणि मागचं प्लाय फक्त ६ मिमी. पात्याला टोकापासून ८ मिमीवर टेप चिकटवला. टेप प्लायला टेकला की थांबायचं. आधी रेघेवरून नुसती चरी पाडायची, मग त्या चरीत पातं थोडं टेकवायचं, उचलायचं, पुढं सरकायचं. दाबलं की पातं तापतं आणि प्लाय जळतं. पहिल्या कडेला मी दाबलंच. धुराचा वास आल्यावर आईचे दोन्ही पाय दारात हजर.

तो बारीक, दात शिवशिवणारा आवाज मी आधी ऐकला होता. चौथीत पेरूच्या झाडावरून पडून हात मोडला आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं होतं. मशीन सुरू झाल्याबरोबर मी जी किंचाळले, की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली असं आई सांगते. तेव्हा प्लास्टर कापणाऱ्या माणसानं ते चालू पातं स्वतःच्या तळहातावर टेकवलं. काही झालं नाही. प्लास्टर टणक, जागचं हलत नाही म्हणून कापलं जातं. कातडी मऊ, ती पात्याबरोबर मागंपुढं हलते. अमेरिकेतल्या होमर स्ट्रायकर नावाच्या हाडांच्या डॉक्टरनं १९४७ साली या करवतीचं पेटंट घेतलं. १९६७ मध्ये त्याच फाइन कंपनीनं आपली प्लास्टर कापायची करवत काढली आणि पुढं तिच्याच थरथरण्यावर सुतार-प्लंबरांची हत्यारं उभी राहिली. माझ्या हातातलं पातं म्हणजे चौथीतल्या त्या आवाजाचं चुलत भावंड. (तळहाताचा प्रयोग मल्टिटूलवर करू नका. याचे दात वेगळे, ते बोट कापतात. प्लास्टरची करवतसुद्धा ओढत नेली तर भाजते, कापते. त्या माणसाचा हात आता आठवला की कळतं, तो करवत ओढत नव्हता. टेकवत, उचलत होता.)

चौकोन सुटला. एक कडा काळी, तीन बऱ्या. कॉकची मूठ इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातानं फिरली.

मग फळी. ड्रिलला काटकोनी अटॅचमेंट लावली, म्हणजे मशीन फळीला समांतर राहतं आणि फक्त डोकं वळतं. होल सॉसकट १७ सेंटिमीटर. २०च्या जागेत बसलं. आता डोक्याला बांधायची बॅटरी मिळते, माझ्याकडंही आहे, पण तिचा उजेड नेमका समोरून पडतो. म्हणून दुसरी बॅटरी उलट्या डब्यावर आडवी ठेवली. पंचाची खूण लगेच सावलीसकट वर आली.

होल सॉचा शहाणपणा हा, की मधलं बारीक बिट पलीकडं डोकावलं की थांबायचं आणि उरलेलं पलीकडून कापायचं, म्हणजे दोन्हीकडची कड साफ येते. मला पलीकडं जाताच येत नव्हतं. दुसरा उपाय, पलीकडून फळीला लाकडाचा तुकडा घट्ट टेकवायचा, म्हणजे शेवटच्या थराला आधार मिळतो आणि सनमायका उडत नाही. कोपऱ्यातल्या कपाटात खांद्यापर्यंत हात घालून प्लायचा तुकडा दुहेरी टेपनं चिकटवला आणि त्याला पुरणयंत्राचा टेकू दिला.

सगळ्यात कमी वेग. काटकोनी डोक्यात एक खोट आहे, होल सॉ अडकला की मशीनची मूठ तुमच्या मनगटासकट फिरते. कोपर बरगडीला दाबून धरलं. दोन मिलिमीटर कापायचं, बाहेर काढायचं, भुसा झटकायचा. धूर नाही, वास नाही. आवाज जड, जड, एकसारखा. मी डोळे मिटले. तसंही त्या कोनातून होल सॉच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. आवाज मोकळा व्हायला लागला तेव्हा मी चाप सोडला असं मला वाटतं. त्याच क्षणी पलीकडं पुरणयंत्र घसरल्याचा आवाज आला.

सिंकच्या बाजूनं भोक इतकं साफ आलं होतं की आरओवाला पोरगा दुसऱ्या दिवशी कडेवरून अंगठा फिरवत बसला. नळ्या गेल्या, पिन गेली, दोन्ही दारं लागली. पलीकडची बाजू त्यानं बघितली नाही, कोण बघणार? परवा बेंदराला, आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, पुरणयंत्र काढायला कोपऱ्यातल्या कपाटात खांद्यापर्यंत हात घातला, तर बोट भोकाच्या कडेवर गेलं. खालच्या बाजूला सनमायकाचा नखाएवढा तुकडा उडालाय.